चौथा खिळा

टाचमास्तर माणसाच्या तोंडाकडे फारसं बघायचे नाहीत. दुकानात कुणी शिरलं की त्यांची नजर आधी पायांवर जायची आणि बहुतेक वेळा तिथेच मुक्काम ठोकायची. बुटाची टाच कुठल्या बाजूने झिजली आहे एवढ्यावरून ते सांगायचे, की हा माणूस घाईचा आहे, ही बाई दिवसभर एका पायावर भार टाकून उभी असते, या पोराला अभ्यासाचा कंटाळा आहे. शेवटचं ते उगीच ठोकून द्यायचे, पण खरं निघायचं, कारण कुठल्या पोराला नसतो? गल्लीने त्यांना टाचमास्तर हे नाव दिलं ते त्यावरून, आणि ते त्यांच्या अंगी इतकं मुरलं की खरं नाव विचारलं असतं तर मास्तरांनाही जरा आठवावं लागलं असतं.

दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. पुढे काउंटर, मागे बूट उलटा चढवून ठोकायचा लोखंडी पाय, कोपऱ्यात शिवणयंत्र, आणि सगळीकडे चामड्याचा व डिंकाचा असा वास, की नवं गिऱ्हाईक आधी शिंकायचं आणि मग बोलायचं. मागे एक पडदा. पडद्यामागे मास्तरांचा संसार: एक पलंग, दोन खुर्च्या, एक शेगडी, आणि खिडकीतून दिसणारा गल्लीचा शेवट. तिथून पुढे घरं नव्हती. तिथून रान सुरू व्हायचं.

संसार म्हणजे मास्तर आणि त्यांची बायको. तिला ते 'सरकार' म्हणायचे. आधी थट्टेने, मग सवयीने, आणि शेवटी तेच तिचं नाव झालं. सरकारांचा डावा पाय जन्मापासून थोडा आखूड होता. लग्नाआधी ती या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आली होती, वाकडा झालेला बूट हातात घेऊन. मास्तर तेव्हा तरुण होते आणि तोंडाळही. बूट उलटसुलट करून ते म्हणाले, "डाव्या तळाला चामड्याचा थर देतो. चाल सुधारेल. पण थर झिजणार, तेव्हा दर वर्षी यावं लागेल."

"दर वर्षी कोण चकरा मारणार?" ती म्हणाली. "त्यापेक्षा इथेच राहते की."

पोरीच्या जातीने असं बोलावं का, असं मास्तरांच्या आईला वाटलं. मास्तरांना मात्र हिशोब पटला, आणि त्या वर्षातच सरकार पडद्याच्या आत राहायला आल्या.

मास्तरांची एक खूण होती. टाच बसवली की तिच्यात ते तीन खिळे त्रिकोणात मारायचे. दुसरीकडे कुणी दुरुस्त केलेला बूट त्यांच्या नावावर खपवायला आणला, तर तो त्यांना तळ बघताच कळायचा. सरकारांच्या बुटांना मात्र त्रिकोणाच्या मधोमध आणखी एक खिळा असायचा. "तीन गिऱ्हाइकांचे, चौथा घरचा," असं ते म्हणायचे. चिखलात त्या चार ठिपक्यांचा ठसा उमटला की सरकार मागे वळून बघायच्या आणि खूश व्हायच्या. बायकांना दागिने आवडतात म्हणतात. या बाईला चिखलातले चार ठिपके आवडायचे.

दर वर्षी उन्हाळा उतरून हवेत पहिला गारवा आला, की सरकार रानाच्या तोंडाशी जाऊन पहिलं पिवळं पान शोधून आणायच्या. मास्तर ठोकत असतील त्या बुटावर ते ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बोलावणं आलंय."

मग दुकान बंद. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी बंद. "सरकारी काम आहे," असं मास्तर त्याला गंभीर चेहऱ्याने सांगायचे आणि दोघं रानात जायचे. ती उजव्या हाताला, तिचा हात त्यांच्या कोपरात. थर असला तरी मास्तरांनी तो मुद्दाम थोडा पातळ ठेवलेला, नाहीतर बूट फार जड झाला असता. त्यामुळे दमल्यावर ती डावीकडे कलायची, म्हणजे त्यांच्या अंगावर. "ढकल, ढकल, घाल मला काट्यात," ते म्हणायचे. ती आणखी भार टाकायची.

सरकार गेल्या त्या थंडीच्या अखेरीस. छातीचं दुखणं निघालं आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. मास्तर रडले नाहीत. त्यांनी तिचे बूट घेतले, डाव्या तळाला ताजा थर दिला, चारही खिळे नवे मारले आणि इतकी पॉलिश केली की त्यात खिडकी दिसायला लागली. मग ते आपल्या धाकट्या बहिणीच्या हातात देऊन म्हणाले, "हे घाल तिच्या पायांत. तिकडे लंगडत जायला नको."

स्वतः घालायला हवे होते. पण तेवढं त्यांच्याने झालं नाही. ते दुकानात येऊन लोखंडी पायाकडे पाठ करून बसले. पुढचं सगळं धाकटीने पाहिलं. त्या गडबडीत त्यांचे राखाडी लोकरीचे मोजेही कुठे गेले कळलं नाही. वसंतभर ते शोधत होते आणि स्वतःवरच चिडत होते.

उन्हाळा कसा गेला हे विचारू नये. धाकटी रानाच्या पलीकडे राहायची. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, नवरा झोपण्यापुरता घरी असायचा, तरी ती दर आठवड्याला डबा घेऊन यायची. "दादा, हिवाळ्याआधी माझ्याकडे चल. मागची खोली मोकळी आहे. दुकान दे कुणाला तरी चालवायला." मास्तर "बघू" म्हणायचे. त्यांच्या "बघू"मध्ये आता "नाही" उरलं नव्हतं, हे तिच्याही ध्यानात आलं होतं.

आणि मग एके दिवशी एका मुनीमजींनी बूट काउंटरवर ठेवले, मास्तरांनी ते उलटे केले, तर एका तळाला एक ओलं पिवळं पान चिकटलेलं.

मुनीमजी बोलत होते. मास्तरांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी पान नखाने हळूच सोडवलं आणि काउंटरवर ठेवलं.

"मास्तर? कधी मिळतील?"

"आज नाही," मास्तर म्हणाले. "बोलावणं आलंय."

मुनीमजी गल्लीत उभे राहून बंद दाराकडे बघत राहिले म्हणतात.

रान जसं असायचं तसंच होतं, याचाच मास्तरांना राग आला. वरची पानं पिवळी, मधली तांबूस, खालची झुडपं अजून हिरवी. ऊन असं तिरपं यायचं की प्रत्येक झाडाची एकच बाजू पेटलेली दिसायची. झाडांच्या टोपीवाल्या बिया टपटप पडत होत्या, आणि एक खार त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू मास्तर त्या चोरायलाच आले होते. पडलेल्या पानांचा तो ओलसर, किंचित कुजका, तरीही गोड वास. मास्तरांचा राग फार टिकला नाही. पाऊलवाट दोघं शेजारी चालतील एवढी रुंद. पुढे ओहोळावरचा लाकडी साकव, त्यापुढे तळं. साकवापर्यंत जाताना त्यांच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतो आहोत. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण गुणगुणणं थांबलं नाही.

साकवाच्या अलीकडे नेहमी चिखल असतो. तिथे पानं बाजूला सरकली होती आणि मऊ मातीत एक ठसा होता.

डाव्या टाचेचा. कडा खोल, जाड थराची. मध्ये तीन ठिपके त्रिकोणात, आणि त्यांच्या मधोमध चौथा.

मास्तर खाली बसले.  ठसा ताजा होता. त्याच्या काठावरचं पाणी अजून आत झिरपत होतं. पुढे उजवा. मग पुन्हा डावा. साकवाच्या फळ्यांवर चिखलाचे डाग, आणि पलीकडे ठसे तळ्याकडे गेलेले. जगात असा जोड एकच होता, आणि तो ज्या पायांत गेला ते पाय आता जगात नव्हते. तळ्यावरून वारा आला तेव्हा त्यांच्या हातांवर काटा उभा राहिला.

तळ्यापाशी कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून मास्तरांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दुपार झाली की दुकान बंद. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, काही रुसली, एकाने तर दारावरच लाथ मारली, आणि त्या लाथेवरून मास्तरांनी आतून ओळखलं की याच्या उजव्या बुटाची शिवण उसवलीय. पण दार उघडलं नाही. ते रानात असायचे नाहीतर रानात जाण्याच्या तयारीत. ठसे रोज नवे. रोज त्याच वाटेने. मास्तर ठशांच्या शेजारून, डाव्या बाजूने चालायचे आणि बोलायचे. मुनीमजी कसे रागावले, शेगडी कशी धूर करते, असलंच काहीतरी. एकदाच तिला गाठायचं होतं. बूट आपल्या हाताने घालायचं धाडस झालं नाही, एवढं एकदा तोंडावर सांगायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

धाकटी डबा घेऊन आली तेव्हा ते रानातून परतत होते. तिने दारातच त्यांची बाही धरली.

"दादा, हे काय? डाव्या बाहीला सगळी कुसळं! अरे, वाट चांगली रस्त्याएवढी आहे, आणि तू काट्यातून चालतोस?"

"ती येते गं," मास्तर म्हणाले.

"कोण?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. टाच, थर, चार खिळे. धाकटीच्या हातातून बाही सुटली.

"असतील दुसऱ्या कुणाचे बूट."

"चार खिळ्यांचे? माझ्या हातचे?"

"दादा, तू माझ्याकडे चल. आजच चल. इथे एकटा राहून तुझं डोकं..."

"मी कुठेही येणार नाही. ती एकटी फिरतेय तिथे, आणि मी तुझ्या मागच्या खोलीत जाऊन पडू?"

धाकटी म्हणजे शेवटचा शब्द आपलाच ठेवणारी बाई. भावाशी भांडून जाताना ती कोपऱ्यावरून परत यायची, राहिलेलं एक वाक्य सांगायला. पण त्या दिवशी तिने डबा ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि मुकाट्याने निघून गेली. तिला काहीतरी ठाऊक होतं आणि सांगायला जीभ रेटत नव्हती. मास्तरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. घाईने पडत होते. पण त्या दिवसांत त्यांना एकीच्याच पावलांची चिंता होती.

पुढे दोन दिवस धुकं होतं. असं, की हात लांब केला तर बोटं पुसट व्हावीत. पानं पडल्याचं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मास्तर साकवापाशी पोचले आणि पलीकडून फळ्यांचा आवाज आला. टक, मग जरा थांबून, टुक. टक... टुक.

एक बाई पाठमोरी चालली होती. अंगावर गडद कोट, डोक्याला रुमाल. प्रत्येक पावलाला ती एका बाजूला हिंदकळत होती.  मास्तर मागोमाग गेले. बुटांखाली पानं वाजू नयेत म्हणून त्यांनी बूट काढून हातात घेतले, या वयात, त्या थंडीत.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की काहीतरी चुकतंय.

सरकार कलायच्या डावीकडे. ही उजवीकडे कलत होती.

आरशात बघावं तसं. तीच लय, तोच हिसका, पण उलटा. मास्तर जागच्या जागी थिजले. लहानपणी आजीने सांगितलेलं त्यांना आठवलं, की भुताचे पाय उलटे असतात. ते त्यावर नेहमी हसायचे. उलट्या पायांना बूट कसा शिवायचा, असा त्यांचा सवाल असायचा. आता हसू आलं नाही. तिकडे सगळंच उलटं होत असेल का? ती ओळखेल तरी का? बाई धुक्यात विरघळली. मास्तर अनवाणी घरी आले आणि त्यांना ताप भरला.

ताप उतरला त्या सकाळी त्यांनी दुकान उघडलं ते केवळ शेगडीचा धूर बाहेर जावा म्हणून. बूट दुरुस्तीचा विचारही मनात नव्हता. तेवढ्यात दारात एक बाई आली. मास्तरांनी सवयीप्रमाणे पायांकडे पाहिलं.

पायांत सरकारांचे बूट होते.

बाई गल्लीच्याच टोकाला राहायची. तिला सगळे नर्सबाई म्हणायचे. ती नर्स नव्हती. घरोघरच्या आजाऱ्यांची सेवा करायची, आणि लोकांनी फुकटात पदवी दिली होती. गडद कोट, डोक्याला रुमाल. वय सरकारांपेक्षा बरंच कमी.

"मास्तर, बसू का? उभं राहवत नाही." तिने स्टुलावर बसून बूट काढले. "बघा हो यांच्यात काय आहे ते. उबदार आहेत, पाणी येत नाही, दिसायला नवे. पण घातल्यापासून कंबर धरलीय. काल तर मला जिना चढवेना. माणूस उचलायचं काम माझं. कंबर गेली तर खाऊ काय?"

मास्तरांनी बूट हातात घेतले. आतून अजून ऊब होती. जिवंत पायांची ऊब. त्यांचा अंगठा आपोआप चौथ्या खिळ्यावर गेला.

"कुणी दिले?"

"रानापलीकडे ज्या आजींना मी सांभाळते ना, त्यांच्या सुनेने. माझे बूट गळायला लागले होते, तर म्हणाल्या, हे घे, कपाटात पडून आहेत. भल्या आहेत हो. फक्त म्हणाल्या, काही झालं तरी त्या गल्लीतल्या दुकानात नेऊ नकोस. का कोण जाणे. पण इथे दुसरं दुकान आहे कुठे?"

म्हणजे धाकटी. मास्तरांना सगळं कळलं, आणि जे कळलं ते नको होतं. भूत नव्हतं. चांगल्या, सारख्या दोन पायांची एक बाई रोज रान ओलांडून कामाला जात होती, आणि डाव्या बुटातला थर तिला उजवीकडे पाडत होता. उलटं भूत ते एवढंच.

त्यांनी फक्त एवढं सांगायला हवं होतं, की बाई, डावा तळ जाड आहे, काढून देतो. घटकाभराचं काम.

"बुटांत काही दोष नाही," मास्तर म्हणाले. "सवय होईल."

आयुष्यात बुटाबद्दल ते पहिल्यांदा खोटं बोलले. थर काढला की टाच बदलणार, टाच बदलली की ठसे जाणार. नर्सबाईने बूट घातले, काउंटर धरून उठली आणि उजवीकडे कलत कलत गेली. 

मग दुकान तसंच उघडं टाकून ते रान ओलांडून धाकटीकडे गेले. ती दारातच उभी होती. दादाची चाल तिने लांबून ओळखली असणार.

"सांग," मास्तर म्हणाले.

धाकटी रडायला लागली. "पाय सुजले होते रे. चढेचनात. मी किती प्रयत्न केला. शेवटी मला वाटलं, आता ओढाताण केली तर तिलाच... आणि तुला सांगायला यावं तर तू त्या लोखंडाकडे पाठ करून बसलेला. तुला कसं सांगणार होते मी? कपाट उघडलं की ते बूट माझ्याकडे बघायचे. म्हणून दिले."

"म्हणजे ती अनवाणी गेली?"

"नाही, नाही. मोजे घातले. लोकरीचे. तिला थंडी वाजायची ना."

"कुठले मोजे?"

"तुझे. राखाडी."

मास्तर पायरीवर बसले. सगळा वसंत मोज्यांसाठी कपाटं उपसली होती त्यांनी. मग ते म्हणाले, "टाचेला भोक होतं त्यांच्या. रफू करायचं राहिलं होतं."

"मी केलं," धाकटी म्हणाली. "त्याच सकाळी केलं."

इथे गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाची संपली असती. पण कळतं ते वळतंच असं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा रानात गेले. त्यानंतरही गेले. भूत नाही हे ठाऊक होतं, बाई कोण हे ठाऊक होतं, तिचं दुखणं कशाचं हेही त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ते झाडाआड उभे राहून तिच्या चालण्याचा आवाज ऐकायचे. टक... टुक. डोळे मिटले की बाजू कळत नाही. वरून पानं पडत असायची, सगळं रान पिवळ्या उजेडाने भरलेलं असायचं, आणि मास्तर चोरासारखे सुख भोगत असायचे. 

मग एका संध्याकाळी आवाज मध्येच थांबला. मास्तरांनी डोळे उघडले. नर्सबाई एका आडव्या पडलेल्या खोडावर बसली होती. तिने डावा बूट काढला, बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी कंबर धरली आणि रडायला लागली. आवाज न करता. दिवसभर दुसऱ्यांच्या वेदना ऐकणाऱ्या माणसांना असं रडता येतं. शेजारी तो बूट पानांत आडवा पडला होता, तळ वर करून.

तळ पाहायला मास्तरांना आयुष्यभराची सवय. त्यांनी पाहिला. थराची आतली कड चेपून तिरपी झाली होती. या बाईचं पाऊल त्या थराशी रोज भांडत होतं आणि रोज हरत होतं. आणि त्यांनी तिला सांगितलं होतं, सवय होईल.

ते झाडाआडून बाहेर आले.

"घाबरू नका. मी आहे, टाचमास्तर. मी खोटं बोललो तुमच्याशी."

तिने घाईने डोळे पुसले. "म्हणजे?"

"हा बूट आखूड पायाचा आहे. माझ्या बायकोचा. तुमचे पाय सरळ आहेत, म्हणून तो तुम्हाला पाडतोय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. उद्या सकाळी या. नीट करून देतो."

 रागवावं की काय, हे नर्सबाईचं ठरत नव्हतं. मग तिने विचारलं, "पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुमच्या चालण्याचा आवाज ऐकायचा होता," मास्तर म्हणाले. 

सकाळी ती आली. स्टुलावर बसून तिने पाय जुन्या वर्तमानपत्रावर ठेवले. मास्तरांनी डावा बूट लोखंडी पायावर चढवला. आधी खिळे. तीन निघाले. चौथा निघेना, तो त्यांनी इतक्या जिवावर मारला होता की पकड दोनदा घसरली. मग निघाला. मग रापी, ते चामडं कापायचं रुंद पातं, थराच्या फटीत घातलं आणि दाबलं. थर सुटताना कपडा फाडल्यासारखा आवाज आला. नर्सबाईने मान दुसरीकडे वळवली. तिला आजाऱ्यांची सवय होती. कुठे बघू नये हे तिला कळत होतं.

नवी टाच बसवून त्यांनी तीन खिळे मारले. मग उजव्या टाचेतला चौथाही काढला आणि भोकात मेण भरलं. 

"चालून दाखवा."

ती दारापर्यंत गेली, परत आली. टक, टक, टक, टक. "अगं बाई," ती म्हणाली. चेहरा एकदम उजळला. "अहो, मी सरळ आहे!"

"तुम्ही सरळच होता," मास्तर म्हणाले.

ती गल्लीतून गेली तेव्हा ते दारात उभे राहून ऐकत होते. कोपऱ्यापर्यंत आवाज आला. तो तिचा होता, आणखी कुणाचाच नव्हता.

त्या दुपारी मास्तर रानात गेले ते निरोप घ्यायला. धाकटीला निरोप धाडला होता, की मागच्या खोलीतला पलंग झाडून ठेव. झाडं जवळजवळ उघडी झाली होती. उरलेली पानं इतकी थोडी होती की एकेक ओळखता आली असती. वाटेवर मात्र घोट्यापर्यंत पिवळा थर, आणि रात्रीच्या पावसाने तो दबून मऊ झालेला. साकवाच्या अलीकडे नर्सबाईचे ठसे होते. वाटेच्या मधोमध, सरळ, दोन्ही टाचा सारख्या. तीन ठिपके, तीन ठिपके. गिऱ्हाइकाचे.

"चांगलं चालतेय," मास्तर मोठ्याने म्हणाले. ते खरं होतं, आणि बोलल्यावर छातीत दुखलं. आता या रानात काही शोधायचं उरलं नव्हतं. ते परत फिरले.

समोर वाटेवर आणखी एक पावलांची रांग होती, त्यांच्याकडे येणारी. मास्तर वाकले. कुणाची हे क्षणभर कळेना. हे तळ त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. उजवी टाच बाहेरच्या कडेला खोल रुतलेली, डावी नुसती टेकल्यासारखी. त्यांच्या मनात नेहमीचा हिशोब आपोआप सुरू झाला: पुरुष, वयस्क, उजव्या हातावर भार घेऊन चाललेला. कुणीतरी उजवीकडून अंगावर रेललेलं. जड नाही. सवयीचं.

मग त्यांनी स्वतःचा उजवा पाय उचलून तळ पाहिला.

जन्मभर गावाच्या टाचा वाचल्या, स्वतःची कधी उलटी करून पाहिली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ते ताठ झाले आणि आपण आलो त्या वाटेकडे त्यांनी नीट पाहिलं. त्यांची पावलं वाटेच्या मधून आलीच नव्हती. अगदी डाव्या काठाने, झुडपांना घासून आली होती, आणि त्यांच्या उजवीकडे एका माणसाएवढी वाट तशीच मोकळी, पानांनी भरलेली, त्यांच्या पायांनी न तुडवलेली. साकवापासून नजर जाईल तिथपर्यंत.

 धाकटीचा पलंग झाडून झाला असेल, तो आता पुन्हा आवरून ठेवावा लागणार होता.

मग त्यांनी उजवा हात कोपरात थोडा वाकवला आणि दुकानाकडे निघाले, जरा सावकाश, दोघं चालतात तसे. डावी बाही काट्यांना घासत होती.